सरजाबाईच्या कुंडीतला कॉफीचा चोथा

मी चोथा बोलतोय. कॉफीचा चोथा. नाक मुरडू नका, माझा वास अजूनही बरा येतो. चहाच्या चोथ्याला निदान गुलाबाच्या झाडाखाली जागा मिळते. मला लातुरात कोण विचारतो? इथली माणसं उठल्यापासून निजेपर्यंत चहा पितात, आणि पाहुण्याने कॉफी मागितली तर त्याच्या कपाळाला हात लावून बघतात. तरी याच गावात माझं नशीब उघडलं. ते कसं, एवढंच तुम्हाला सांगायचं आहे. बसा जरा.

मूळचा मी चिकमंगळूरकडचा. डोंगराच्या उतारावर, मोठमोठ्या झाडांच्या सावलीत, लालचुटूक फळाच्या पोटात मी वाढलो. तिथे पाऊस असा पडायचा की आम्हाला त्याचा कंटाळा यायचा. दुष्काळ हा शब्द मी ऐकलासुद्धा नव्हता. पुढे फळ तोडलं, सोललं, बी उन्हात वाळवलं, भाजलं, दळलं. दळताना माझ्यात चिकोरी नावाची एक मुळी मिसळली. ती माझ्यापेक्षा जास्त बोलते, पण आता सवय झाली आहे. मग पुड्यात बांधून, बिदर आणि उदगीर करत करत आम्ही लातूरला येऊन उतरलो, चन्नबसप्पांच्या हॉटेलात.

चन्नबसप्पा मूळचे उदगीरचे. घरात निम्मी मराठी, निम्मी कन्नड. लातूर वेगळा जिल्हा झाला त्या साली ते तरणेताठे होते. नवा जिल्हा झाला तशी नवी कचेरी आली, नवे साहेब आले, बाहेरगावचे कारकून आले. त्यांतले काहीजण सकाळच्या पारी कॉफी शोधत वणवण फिरायचे. चन्नबसप्पांनी ते बरोबर हेरलं आणि डाळ मिलच्या रस्त्यावर इडली-कॉफीचं हॉटेल टाकलं. "जिल्हा आन् हाटेल, दोघं एका वयाचे," असं ते गिऱ्हाईकाला अजून सांगतात. ऐकणाऱ्याने ते आधी ऐकलेलं असलं तरी सांगतात.

त्यांच्या पितळी फिल्टरमध्ये मला भरलं, वरून उकळतं पाणी ओतलं, झाकण लावलं. माझा रंग, कडूपणा, सुगंध थेंबाथेंबाने खालच्या भांड्यात उतरला. त्याला कॉफी म्हणतात. वर जो उरला त्याला चोथा म्हणतात. माणसांची ही एक खोडच आहे. घटकाभरापूर्वी पुडा फोडताना ज्यांनी डोळे मिटून माझा वास घेतला होता, त्यांनीच फिल्टर उलटा करून मला बादलीच्या काठावर आपटलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मी आलो ते साल वाईट होतं. पावसाने पाठ फिरवली होती. नळाला पाणी कधी यायचं ते नळालाही ठाऊक नसावं. टँकरचा भोंगा वाजला की अख्खी गल्ली घागरी घेऊन धावायची. चन्नबसप्पांनी स्टीलचे पेले माळ्यावर टाकले आणि कागदी कप आणले, कारण पेले विसळायला पाणी नव्हतं. क्लाससाठी खोल्या घेऊन राहिलेली पोरं बॅगा भरून गावी निघाली होती. हॉटेलात गर्दी कमी आणि पाण्याच्या गप्पा जास्त.

त्या हॉटेलात सिंधु नावाची एक बाई सकाळी इडलीचं पीठ आणि चटणी वाटायला यायची. तिने मला बादलीत पडताना पाहिलं आणि हातातलं काम सोडून उठली.

"आप्पा, मागल्यासारखा हा बी चोथा मला द्या."

"मागल्या आठवड्यात नेलास की गं. काय करायलीस त्याचं? भाकरीत घालतीस का?"

"तो वाया गेला, आप्पा. डब्यात झाकून ठिवला, तर हिरवा बुरा आला. आज ताजाच न्यायचा."

चन्नबसप्पा हसले आणि कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले. पण त्यांनी मला एका स्वच्छ डब्यात काढून दिलं. नाल्यात जायचा तो मी सिंधूच्या काखेत बसून निघालो.

सिंधूला मी कशाला हवा होतो, हे मला तिच्या घरी राहून कळलं. तुम्हाला मात्र आत्ताच सांगतो.

घरात तीन माणसं. सिंधु, तिचा नवरा भीमा, तो ऑटो चालवायचा, आणि भीमाची आई सरजाबाई. पत्र्याच्या दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, मागे छोटंसं अंगण. सरजाबाईने उमेदीची सारी वर्षं डाळ मिलमध्ये काढली होती. तूर निवडायची, पाखडायची, ओल लागलेली डाळ उन्हात घालायची. अंगाने थोराड, आवाजाने खणखणीत. आणि खाण्याची शौकीन. मटणाचं कालवण असलं की चार घरं आधीपासून तिला वास यायचा.

मागच्या वर्षी ती आजारी पडली. रक्तदाब वाढला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ कमी केलं आणि मटण बंद केलं. सरजाबाईने हा अपमान समजला. "मटण न्हाई तर जेवण कशाला?" असं म्हणून ती रुसली. आधी घरातले हसले. मग दिवस गेले आणि ते रुसणं सवयीचं झालं. भूकच मेली. अर्धी कोरडी भाकर चहात बुडवून खायची, हात पदराला पुसायचे, आणि खाटेवर आडवं व्हायचं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. डॉक्टर म्हणाले, आता औषधाचं काम नाही, यांनी खाल्लं पाहिजे.

सिंधु घाबरली होती. तिला आई आठवतही नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा तिला धड भाकर थापता येत नव्हती. सरजाबाईने तिचे हात हातात धरून शिकवली आणि पहिली करपलेली भाकर स्वतः खाल्ली. "चांगली खरपूस झालीय," असंही म्हणाली होती. ती माउली आता डोळ्यांदेखत वाळत चालली होती. सिंधूला दुसरं काही सुचत नव्हतं.

अशात बचत गटाच्या बायकांबरोबर ती एका प्रशिक्षणाला गेली. तिथे धिंगरी अळिंबी, म्हणजे खायचं मशरूम, घरात कशी वाढवायची ते शिकवलं. मळणीनंतर उरलेलं गव्हाचं काड भिजवायचं, उकळायचं, निथळायचं, पिशवीत थर द्यायचे आणि मध्ये मध्ये बियाणं पेरायचं. काडात थोडा कॉफीचा चोथा मिसळला तर अळिंबीला चांगलं खाद्य मिळतं, असंही शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं. शेवटी त्याच अळिंबीची भाजी करून सगळ्यांना चाखायला दिली. सिंधूने एक फोड तोंडात घातली, चावली, आणि चावता चावता थांबली. मटणासारखंच दाताला लागत होतं. येताना ती बियाण्याची पिशवी घेऊनच आली.

सरजाबाईने खाटेवरूनच पिशवी पाहिली. पांढऱ्या बुरशीने माखलेले गव्हाचे दाणे.

"सडके गहू कशाला आणलीस गं?"

"आळिंबीचं बी हाय, आत्याबाई."

"म्हंजी कुत्र्याच्या छत्र्या? घरात?"

"तशा न्हाईत त्या. ह्या खायच्या असत्यात."

"खा तूच. अन् भुसकट भिजवायला पाणी कुठनं आणतीस? हितं माणसाच्या नरड्याला कोरड, अन् ही भुसकटाला पाणी पाजायली!"

म्हातारीचं खरंच होतं. टँकरचं पाणी प्यायला पुरत नव्हतं. त्यात काड भिजवायला आणि उकळायला घागरी कोण रिकाम्या करणार? बियाणं तर फार दिवस टिकत नाही. ती विचार करत राहिली. आणि दुसऱ्या दिवशी हॉटेलात पीठ वाटता वाटता तिची नजर फिल्टरकडे गेली. चोथा उकळत्या पाण्यातून निघालेला आणि वर ओला. म्हणजे त्याला वेगळं पाणी नकोच! आणि काड? इडल्या झाल्यावर चन्नबसप्पांच्या इडलीपात्रात तळाला पाणी उरतंच. कापलेलं काड जरासं ओलं करून, फडक्यात बांधून त्या वाफेवर ठेवलं की झालं.

चन्नबसप्पा आधी हो म्हणेनात. इडलीपात्रात भुसकट? गिऱ्हाईक काय म्हणेल? मग सिंधूने सरजाबाईचं कारण सांगितलं. मिलची सुट्टी झाली की सरजाबाई कितीतरी वर्षं त्यांच्या बाकावर बसून इडली खाऊन गेली होती आणि दर खेपेला चटणीत मीठ कमी आहे म्हणून भांडून गेली होती. चन्नबसप्पांनी इडलीपात्राचं झाकण उचलून आत पाहिलं. मग म्हणाले, "अक्कासाठी असंल तर ठेव. पण मागल्या दारानं आण."

तर असा मी त्या घरात पोचलो. सिंधूने हात धुऊन, मला निववून, वाफवलेल्या काडात बेताने मिसळलं. मूठभर मी, बाकी काड. माझ्या आधी आलेल्या भावंडाचं काय झालं ते मी ऐकलं होतं. ते हिरवं पडून उकिरड्यावर गेलं होतं, आणि सिंधूने डोक्याला हात लावून म्हातारीला सांगितलं होतं, "बुरा आला, आत्याबाई. समदं वाया गेलं." हे वाक्य लक्षात ठेवा. सरजाबाईने ठेवलं होतं.

पिशवी भरली, तोंड बांधलं, भोकं पाडली आणि दाराआडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात टांगली.

आतलं आयुष्य मोठं मजेचं होतं. गव्हाच्या दाण्यांवरून बारीक पांढरे धागे निघाले आणि काडावर पसरू लागले. काडाशी त्यांचं सावकाश चाले. पण माझ्यापर्यंत पोचले की त्यांची चाल बदलायची. जिथे मी तिथे ते दाट. माझा सगळा कस कॉफीत उतरला आणि मी रिकामा झालो, असं मी समजून बसलो होतो. या धाग्यांना माझ्यात अजून बरंच काही सापडलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू! हळूहळू काड, मी आणि धागे एकमेकांत असे गुंतलो की कोण कुठला ते कळेना. चिकोरीसुद्धा गप्प झाली.

बाहेरचं मला ऐकू यायचं आणि भोकातून थोडं दिसायचं. अंगणाच्या कडेला फुटक्या रांजणाच्या बुडात कढीपत्त्याचं झाड लावलं होतं. त्या वर्षी त्या घरात हात धुवायची जागा तीच. मोरीत एक थेंब सांडायचा नाही. जेवण झालं की कुंडीवर जायचं आणि हात धुवायचे, म्हणजे झाडही जगतं. सिंधु जायची, भीमा जायचा. सरजाबाई जात नसे. चहात बुडवलेल्या भाकरीने हात भरतात कुठे?

महिना होत आला. पिशवी आतून पांढरीशुभ्र झाली. आता ती उघडायची, थोडा उजेड आणि गारवा दाखवायचा, की आम्हाला कोंब फुटणार होते. नेमकं तेव्हाच उदगीरहून सिंधूच्या भावाचा निरोप आला. त्याच्या मुलीचं बारसं होतं, आत्या नसेल तर नाव कोण ठेवणार? सिंधु निघाली. जाताना सासूला म्हणाली, "आत्याबाई, उद्या सांजच्याला येते. तेवढं पिशवीकडं ध्यान असू द्या."

सरजाबाईने ध्यान दिलं, हाच घोटाळा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाटेवरून उठली, भिंत धरत कोपऱ्यात आली आणि पिशवीला डोळा लावला. आत नुसतं पांढरं.

"अगं माय! बुरा आला की गं!"

तिच्या आवाजात खरी धास्ती होती. सुनेने किती हौसेने केलं होतं, ते तिने पाहिलं होतं. मागचं हिरवं पडून गेलं तेव्हा पोर किती हिरमुसली होती, तेही पाहिलं होतं. आता हे पांढरं आहे तोवरच काहीतरी केलं पाहिजे. आणि बुरा आला की काय करायचं, हे सरजाबाईला लातुरात कोणी शिकवायची गरज नव्हती. जन्मभर तेच केलं होतं. ऊन द्यायचं!

तिने पिशवी फाडली. अंगणात पोतं अंथरलं, कडक उन्हात. आम्हाला त्यावर ओतलं आणि ती मांडी घालून समोर बसली. हाताने ढेकळं फोडायची, काड मोकळं करायचं, सूप घेऊन पाखडायचं, पांढरं दिसेल ते वेचून टाकायचं. कितीतरी महिन्यांनी ती म्हातारी कामाला बसली होती. कपाळावर घाम आला होता, पदर खोचलेला होता, आणि ती स्वतःशी काहीतरी गुणगुणत होती. आमचा जीव जात होता आणि तिचा जीव रमला होता. मला ओरडावंसं वाटलं, "बाई, आम्हाला सावलीत ठेव!" पण चोथ्याचं कोण ऐकतं?

एक ढेकूळ मात्र फुटेना. त्यात मी जास्त होतो, म्हणून धागेही तिथे सगळ्यात दाट होते. तिने पिळून पाहिलं, दगडावर आपटून पाहिलं.

"हे लईच सडलंय," ती म्हणाली. "कुंडीत टाकते नंतर."

आणि तिने आम्हाला माठाच्या तिवईखाली सरकवलं. तिथे एक मातीची परात होती. माठ पाझरायचा, त्याचा थेंबन् थेंब त्या परातीत जमायचा आणि कुंडीला जायचा. भिंतीची सावली, ओली गार माती, वरून मधूनच एखादा थेंब. सडकं म्हणून तिने जिथे टाकलं, तिथेच आम्ही वाचलो. बाकीचे बिचारे संध्याकाळपर्यंत वाळून काड झाले.

सिंधु आली तेव्हा सरजाबाई दारातच बसली होती.

"ये. बघ, समदं वाळवून ठिवलंय. बुरा धरला व्हता, पर एक काडी वाया जाऊ दिली न्हाई म्या."

सिंधूने पोतं पाहिलं. आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम.

"काय झालं गं?"

"आत्याबाई, तो बुराच तर पायजे व्हता."

"आँ?"

"हिरवा वाईट. पांढरा चांगला. त्या पांढऱ्यातूनच आळिंबी येती."

सरजाबाईला समजायला वेळ लागला. मग ती हळूच म्हणाली, "मला ठाव नव्हतं, पोरी. पर इतकं रडायला काय झालं? कुत्र्याच्या छत्र्याच त्या."

"तुमच्यासाठी लावल्या व्हत्या," सिंधु म्हणाली. "मटणावानी लागतंय ते. म्या खाऊन बघितलं. म्हनलं, तुम्ही दोन घास तरी खाताल."

म्हातारीच्या हातात अजून सूप होतं. ते तिने भिंतीला टेकवून ठेवलं आणि आत जाऊन खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली. त्या रात्री तिने चहासुद्धा घेतला नाही. सिंधूने मनवलं, "म्या रागावले न्हाई हो, आत्याबाई." भीमाने मनवलं. ती एवढंच म्हणाली, "माझ्या हातानं केलं मी."

पुढचे काही दिवस असेच गेले. म्हातारी आणखी गळाली. तिवईखालून मला तिचे पाय दिसायचे, पाणी घ्यायला यायची तेव्हा. थांबत थांबत यायची. मी माझ्या धाग्यांना म्हटलं, बाबांनो, जे काही करायचं ते आता करा. थेंब पडत होते, गारवा होता, दारातून तिरका उजेड येत होता. धागे एकवटले. आमच्या अंगावर मोहरीएवढे दाणे उठले. दुसऱ्या दिवशी त्यांना माना फुटल्या. तिसऱ्या दिवशी तर बघायलाच नको, एकावर एक पंखे उघडावेत तसे करडे-पांढरे, गुबगुबीत, टवटवीत! माझा ऊर भरून आला. बादलीच्या काठावर आपटलेला मी तो हाच का, असं वाटलं.

सकाळी सरजाबाई तांब्या घेऊन आली. वाकली. आणि तशीच वाकलेली राहिली.

"सिंधे!" तिचा जुना खणखणीत आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "सिंधे, पळ, हिकडं ये! कुत्र्याची छत्री आली गं, कुत्र्याची छत्री!"

सिंधु पिठाचे हात घेऊन धावली. खाली बसली, आम्हाला उचललं, खालून-वरून नीट निरखलं, वास घेतला. "हीच, आत्याबाई! धिंगरीच हाय ही!" आणि तिने सासूला मिठीच मारली. पिठाचे दहा ठसे म्हातारीच्या लुगड्यावर उमटले.

"अगं पर म्या तर सडकं म्हणून टाकलं व्हतं."

"तुम्ही टाकलं म्हणूनच आलं. ह्यापेक्षा चांगली जागा मला बी घावली नसती."

सरजाबाईच्या तोंडावर आलेलं हसू तिने लगेच पदराने झाकलं. पण मी पाहिलं.

भाजी करायला सिंधूने घेतली, आणि म्हातारीला राहवेना. खाट सोडून ती चुलीपाशी येऊन बसली. "कांदा असा न्हाई, भाजून घे. लसूण अजून. येसर कुठं हाय?" येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाले दळून केलेला कूट, त्या घरात मटणाच्या कालवणाला तोच लागायचा. ती बरणी वर्षभर कोणी उघडली नव्हती. ती उघडली आणि सगळ्या घरात वास दरवळला. मीठ डॉक्टरांच्या मापाने पडलं, पण बाकी काही डॉक्टरांना विचारलं नाही.

भीमा दुपारी ऑटो दारात लावून आला आणि उंबऱ्यातच थबकला. "आज काय हाय?" म्हणत त्याने चप्पल काढायच्या आधी पातेल्यात डोकावलं. ताटं मांडली. कालवण मूठभरच होतं. सिंधूने पहिला घास मोडला, तेवढ्यात सरजाबाईने तिचा हात धरला.

"थांब."

"काय झालं?"

"आधी मी खाते. काय बी झालं तरी ती कुत्र्याची छत्री. ईख असंल तर मला लागू दे. तुमचं आविष्य पडलंय."

"आत्याबाई, ईख न्हाई ओ त्यात. म्या खाल्लीय मागं."

"ती येगळी. ही माझ्या तिवईखालची. तू गप ऱ्हा."

आणि जी बाई वर्षभर घासाला तोंड लावत नव्हती, तिने सुनेला विषापासून वाचवायचं म्हणून ताट पुढे ओढलं, भाकरीचा मोठा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, अळिंबीची फोड त्यात धरली आणि डोळे गच्च मिटून तोंडात घातली.

ती चावत होती. दोघं तिच्याकडे बघत होते. मीही परातीतून बघत होतो. ती चावतच राहिली. डोळे उघडेना.

"आई?" भीमा म्हणाला. "काय व्हायलंय का?"

म्हातारीने गिळलं. डोळे उघडले. ते पाण्याने भरले होते.

"भाकर आन," ती म्हणाली. "अर्धीनं काय व्हतंय?"

त्या दुपारी त्या मूठभर कालवणातलं कोणाच्या वाट्याला किती आलं ते विचारू नका. सिंधु आणि भीमाने चटणी-भाकर खाल्ली आणि दोघंही विनाकारण हसत होते. सरजाबाईने शेवटी बोटं चाटली आणि त्यांच्याकडे बघून म्हणाली, "अजून ईख न्हाई लागलं. सांजच्याला परत बघावं लागंल."

ही झाली माझी गोष्ट. परातीत आम्हाला आणखी एकदा फूट आली, ती या वेळी तिघांना पुरली. मग माझं काम संपलं आणि सिंधूने मला मोडून कढीपत्त्याच्या कुंडीत मिसळलं. आता मी निम्मा माती झालो आहे. चिकोरी कुठे गेली ते माहीत नाही.

थंडी होती तोवर दाराआड नव्या पिशव्या टांगल्या गेल्या. सरजाबाई काठी टेकत स्वतः हॉटेलात जाऊन चोथा आणायची. चन्नबसप्पा तिच्यासाठी तो ताजा काढून ठेवत आणि ती जाताना चटणीत मीठ कमी आहे म्हणून त्यांच्याशी भांडत असे. त्यांना ते भांडण इतकं गोड लागे की ते मुद्दाम तिला चव बघायला लावत. पांढरा बुरा धरला की म्हातारी आता हात लावत नाही. शेजारणींना बोलावून दाखवते. आणि उन्हात घालायची तिची हौसही भागली. जास्तीच्या अळिंब्या तिने पोत्यावर पसरून खडखडीत वाळवल्या आणि डबा भरून ठेवला. हे वाळवण सिंधूला कधी सुचलं नव्हतं.

आता उन्हाळा आहे. स्टेशनात पाण्याने भरलेली रेल्वे येते, तेव्हा तिची शिट्टी इथपर्यंत ऐकू येते आणि घागरी हलू लागतात. उन्हात अळिंबी येत नाही, पिशव्या रिकाम्या आहेत. पण डबा आहे, येसर आहे.

तुम्ही कॉफी पीत असाल तर प्या, माझं काही म्हणणं नाही. फक्त खाली उरतो त्याला लगेच नाल्यात लोटू नका. तुमच्या गल्लीत एखादी सिंधु असेल, तिला एकदा विचारून बघा. ताजा असतानाच द्या आणि बेताने घ्यायला सांगा. आम्ही फार जागा मागत नाही.

मला इथून आता काही दिसत नाही, वर मातीचा थर चढला आहे. पण घरातलं मला सगळं कळतं. सकाळी एकदा आणि सांजेला एकदा काठीचा आवाज कुंडीपाशी येऊन थांबतो. बांगड्या वाजतात, त्या मनगटावरच वाजतात. मग दोन हात धुतल्याचं पाणी माझ्यावर पडतं. हे बघा, आत्ताच पडलं. येसरचा वास आहे त्याला. म्हातारी जेवली.